गिलाव्याची दिल्ली

दिल्ली परिसरात घर घ्यायला निघालेल्या माणसाला आधी परदेशातला पाऊस दाखवतात. ग्रेटर नोएडा असो, गुडगावचा द्वारका एक्स्प्रेसवे असो, नाहीतर गाझियाबादचं राजनगर एक्स्टेन्शन. सॅम्पल फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं की सोफ्याच्या वर एक आडवं चित्र असतंच. ओला रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळे-केशरी दिवे, रस्त्यावर सांडलेली त्यांची प्रतिबिंबं आणि मधोमध लाल छत्रीखाली एक पाठमोरं जोडपं. रंग असा जाड की नख लावून बघायचा मोह व्हावा. हे जोडपं मी इतक्या फ्लॅटांत पाहिलंय की त्यांनाही अजून मनासारखं घर मिळालेलं नसावं.

या चित्रांचा मूळपुरुष लिओनिद अफ्रेमोव्ह. १९५५ साली बेलारूसमधल्या व्हितेब्स्क गावी जन्मला, २०१९ साली मेक्सिकोत वारला. मधल्या काळात त्याने पॅलेट नाइफने इतके ओले रस्ते रंगवले की आता जगात कुठेही भिंत रिकामी राहिली की तिथे पाऊस पडतो. दिल्लीच्या फर्निचर बाजारांत त्याच्या नकला सोफ्याच्या मापाने मिळतात. तीन माणसांचा सोफा असेल तर रस्ता लांब, दोन माणसांचा असेल तर रस्ता आखूड.

माझा आक्षेप पावसाला नाही, छत्रीला आहे. दिल्लीचा माणूस छत्री बाळगत नाही. पाऊस आला की तो स्कूटरसकट उड्डाणपुलाखाली उभा राहतो आणि मागच्या गाड्यांना हॉर्न वाजवायची संधी देतो. शिवाय प्रतिबिंब पडायला रस्ता दिसावा लागतो. इथला ओला रस्ता बघायचा तर मिंटो ब्रिजखाली जावं. छपरापर्यंत बुडालेल्या बसचा तिथला फोटो ही राजधानीतल्या वर्तमानपत्रांची जुनी परंपरा आहे. या पुलाजवळच्या रेल्वे स्थानकाचं नाव शिवाजी ब्रिज आणि त्याच्या पुढचं टिळक ब्रिज, हे मराठी पाहुण्याला आम्ही दिल्लीकर मोठ्या अभिमानाने सांगतो. पण पाणी तुंबलं की सगळी वर्तमानपत्रं पुन्हा मिंटोचंच नाव घेतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

हा पाऊस भिंतीवर बघून बघून काही लोकांच्या मनात येतं की आपल्या खिडकीतून दिसतं ते शहर आपणच का रंगवू नये? मग ते हौज खासमध्ये किंवा गुडगावच्या एखाद्या कॅफेत शनिवार-रविवारचा वर्ग लावतात. कॉफी फीमध्येच धरलेली असते. तिथे गेल्यावर कळतं की पॅलेट नाइफ दोन जातींचे असतात. एक सरळ पात्याचा, तो फक्त रंग कालवायला. दुसऱ्याची मान वाकडी आणि पातं त्रिकोणी, तो चित्र काढायला. मान वाकडी अशासाठी की बोटं ओल्या रंगात बुडू नयेत. हा दुसरा हातात घेतला की दिल्ली परिसरात राहणाऱ्या कुणालाही क्षणभर थबकायला होतं. कारण ही वस्तू त्याने रोज पाहिलेली असते, फक्त मोठ्या आकारात. समोरच्या अर्धवट टॉवरवर मिस्त्री ज्या करणीने गिलावा करतो, तिचंच हे बाळ. मिस्त्री सिमेंट उचलतो, फेकतो, ओढतो आणि मागे सरून डोळे बारीक करतो. चित्रकारही तेच करतो. फरक एवढाच की मिस्त्रीच्या कामाला शेवटी आकार येतो.

नाइफला धार नसते. त्याने लिंबूही कापलं जात नाही. पण हे मेट्रोच्या तपासणीत यंत्राच्या पडद्याकडे बघणाऱ्या जवानाला सांगणार कोण? पिशवीत पाच पात्यांचा संच, टर्पेंटाइनची बाटली आणि चिंध्या. एखाद्या चित्रपटात खलनायकाच्या डिकीत असतो तो ऐवज. ‘ये क्या है?’ या प्रश्नाला ‘पॅलेट नाइफ’ असं उत्तर देणाऱ्यांची गाडी हमखास सुटते. अनुभवी माणूस ‘पुट्टी लगाने का है जी’ असं सांगतो. बाटलीचं मात्र काही चालत नाही. ज्वालाग्राही वस्तू ती ज्वालाग्राहीच. त्यामुळे इथले हौशी चित्रकार टर्पेंटाइन घेऊन रिक्षाने हिंडतात.

आता मराठी माणसाची खरी अडचण. आपली चित्रकला जलरंगात वाढलेली. महाराष्ट्रात शाळा झालेल्या प्रत्येकाने कधीतरी एलिमेंटरी नाहीतर इंटरमिजिएटची परीक्षा दिलेली असते. स्थिरचित्रातली ती किटली आणि ती दोन वांगी, स्मरणचित्रातला तो बसथांबा आणि नाक-डोळे नसलेली ती रांगेतली माणसं आपल्या हाडांत भिनलेली आहेत. तिथे शिकवण एकच: रंग पातळ घ्या, रेषेबाहेर जाऊ देऊ नका आणि पांढऱ्याची गरज नाही, कागद पांढराच आहे. मिलिंद मुळीकांचा जलरंगातला पावसाळी रस्ता बघताना आपला जीव सुखावतो तो सौंदर्याने तर खराच, पण एवढ्याशा रंगात एवढं मोठं काम झालं, या हिशेबानेही.

नाइफला हा हिशेब मंजूर नाही. पात्याच्या कडेवर रंगाची चांगली जाड वळी घ्यायची आणि कॅनव्हासवर अर्पण करायची. एका आकाशात टायटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब संपते. ज्या घरात टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी कापून आतून बोट फिरवण्याची पद्धत आहे, त्या घरातल्या माणसाच्या हातून हे होत नाही. तो पात्यावर मोहरीएवढा रंग घेतो आणि तो सहा इंच ओढतो. मास्तर ओरडतात, ‘और लो! मक्खन समझ के लो!’ शेजारी बसलेल्या पंजाबी बाई एव्हाना लोण्याच्या कल्पनेशी एकरूप होऊन अर्धा इंच जाडीचं इंडिया गेट उभं करतात. आपलं मात्र बघणाऱ्याला कॅनव्हासचे धागे मोजता येतात. वास्तविक रंगाच्या ट्यूबेवर नाव कॅमलचं, म्हणजे मूळचं आपल्याच दांडेकरांचं. १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि टिकल्यांपासून सुरू झालेला उद्योग. पण माल मूळचा मराठी असला म्हणून खर्च करायला हात मोकळा होतो, असं थोडंच आहे?

नाइफने तपशील काढता येत नाही, ही तक्रार नवशिके करतात. खिडकीचे गज, गच्चीवरच्या काळ्या टाक्या, एसीचे डबे, वाळत घातलेल्या चादरी, यातलं काही नीट होत नाही. पात्याच्या कडेने फार तर तारा ओढता येतात. आणि जुन्या दिल्लीच्या गल्ल्यांतल्या तारा काढायला एवढं सोपं हत्यार दुसरं नाही, कारण त्या कुठून निघाल्या नि कुठे गेल्या हे वीज कंपनीलाही विचारायची सोय नसते. बाकी सगळं ठोकळ्यात.

ज्यांना तपशील हवा त्यांच्यासाठी मज़हर अली खान होऊन गेला. त्याने १८४६ साली लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजावर बसून चारी दिशांची दिल्ली रंगवली. जलरंगात, जवळपास पाच मीटर लांब. एकेक घुमट, एकेक छज्जा, एकेक झाड जागच्या जागी. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ते चित्र आहे. त्यातली किल्ल्याभोवतालची बरीचशी वस्ती १८५७ नंतर इंग्रजांनी पाडून टाकली, त्यामुळे इतिहासकार आज त्या चित्रात गल्ल्या शोधतात. मला त्यात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. त्या माणसाला लाहोरी दरवाजावरून एवढं लांबचं दिसत होतं!

आज तिथे नोव्हेंबरात चढलात तर समोरची जामा मशीद दिसेल याची हमी नाही. दिवाळीच्या आगेमागे या प्रदेशावर जे धुरकं उतरतं ते तपशिलाचं हाडवैरी आहे. वीस मजली टॉवर दहाव्या मजल्यावर विरघळतो. झाड आणि पाण्याची टाकी यांच्यातला भेद मिटतो. सूर्य अंड्याच्या बलकासारखा पचपचीत होतो आणि दुपारी बाराला त्याच्याकडे बघता येतं. म्हणजे नाइफ जे करतो तेच हवा आधी करून ठेवते. म्हणून माझं ठाम मत आहे की दिल्ली परिसराचं चित्र नाइफनेच काढावं. इथे ब्रश वापरणं हा खोटेपणा आहे. ब्रशने काढलेल्या खिडक्या तुम्हाला दिसल्या कधी?

रंग निवडायलाही डोकं चालवावं लागत नाही. सकाळी हवेचा निर्देशांक बघायचा. दोनशेच्या आत असेल तर आकाशात थोडं अल्ट्रामरीन परवडतं. तीनशेच्या वर गेला की निळी ट्यूब डब्यात ठेवून यलो ऑकर आणि पांढरा कालवायचा, त्यात पेन्स ग्रेचं बोट. चारशे ओलांडला की समोरच्या सोसायट्या काढायचं कारणच उरत नाही. नाइफ एकदा आडवा ओढायचा आणि कोपऱ्यात सही करायची. सरकारी मोजपट्टी पाचशेला संपते, त्यामुळे पुढच्या रंगांचा विचार करावा लागत नाही.

हे हसण्यावारी नेऊ नका. क्लोद मोनेने १८९९ ते १९०१ या काळात लंडनला मुक्काम ठोकून कोळशाच्या धुरातली थेम्स रंगवली, आणि धुक्यावाचून लंडनला शोभा नाही असं त्याचं मत होतं. २०२३ साली दोन हवामान-अभ्यासकांनी तर टर्नर आणि मोने यांच्या चित्रांतला धूसरपणा वाढत्या प्रदूषणाशी ताडून बघितला आणि तो बऱ्याच अंशी जुळतो असा शोधनिबंध लिहिला. म्हणजे ज्याला आपण शैली म्हणत होतो ती हवा होती. मोनेला धुरासाठी फ्रान्स सोडून लंडनच्या महागड्या सॅव्हॉय हॉटेलात राहावं लागलं. आनंदविहारच्या चित्रकाराला खिडकी उघडली की झालं. नव्हे, बंद ठेवली तरी झालं.

याच मोसमात नाइफवाल्याला एक अपूर्व भाग्य लाभतं. निर्देशांक चारशेच्या पार गेला की प्रदूषण रोखण्याच्या ग्रॅप नावाच्या योजनेचा तिसरा टप्पा लागू होतो. सगळ्या एनसीआरमधली, म्हणजे राजधानी परिसरातली, बहुतेक बांधकामं थांबतात. डंपर थांबतात, सिमेंट कालवणारी यंत्रं थांबतात, करण्या बादलीत पडून राहतात. त्या दिवसांत नोएडापासून गुडगावपर्यंत जर कुठे गिलाव्याचं काम चालू असेल तर ते हौशी चित्रकारांच्या बाल्कन्यांत. अजून कुणी धाड घातलेली नाही.

नाइफचा दुसरा मोठा गुण म्हणजे पाडकाम. काढलेली इमारत आवडली नाही तर पातं आडवं धरायचं आणि खरवडून टाकायची. खाली पुसट ठसा राहतो, त्यावर नवी उभी करायची. नोएडाच्या सेक्टर ९३-अ मधल्या जुळ्या मनोऱ्यांना हाच न्याय मिळाला, पण केवढ्या सायासाने! शंभरेक मीटर उंच, म्हणजे कुतुबमिनारच्याही वर डोकं काढलेले ते दोन टॉवर पाडायचे, हे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी ३,७०० किलो स्फोटकांनी ते काम नऊएक सेकंदांत उरकलं. कॅनव्हासवर तेवढ्याच सेकंदांत होतं, न्यायालयात न जाता. त्या भागात बाल्कनीतून चित्र काढणाऱ्यांचा त्या दिवशी रविवार होता, हे एक बरं झालं.

याच नोएडात मराठी चित्रकाराची मात्र एक पंचाईत होते. गोल्फ कोर्सच्या हिरवळीत एक स्तंभ उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकच्या फौजेने याच परिसरात शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली आपल्या हातून गेली, त्याची ती खूण. आता समोरचा देखावा रंगवताना तो स्तंभ घालावा की गाळावा? घातला तर घरच्या भिंतीवर पराभव टांगल्यासारखं होतं. गाळला तर इतिहासाशी बेइमानी. ब्रशवाला यात फसला असता. नाइफने त्या जागी एक कडुलिंब ठेवता येतो आणि कडुलिंबाच्या आत काय आहे याबद्दल कुणी विचारू शकत नाही.

या हत्याराला मोठ्या माणसांनीही हात लावलेला आहे, म्हणून हौशी लोकांना धीर येतो. सेझानने तरुणपणी नाइफने जाड थरांची व्यक्तिचित्रं केली, तेव्हा १८६६ साली पॅरिसच्या प्रदर्शनाचा एक परीक्षक म्हणाला म्हणे की हे नुसतं सुरीने नाही, पिस्तुलाने रंगवलंय. आमच्या भागात लग्नाच्या वरातीत जे चालतं ते बघता हा प्रयोग इथे कधीही होऊ शकतो. आपल्याकडे रज़ा. नागपूरच्या आणि मग मुंबईच्या जे. जे.च्या शाळेत शिकलेले रज़ा १९५० साली फ्रान्सला गेले आणि तिथली गावं, चर्चं, घरं तैलरंगात नाइफने जाडजाड रंगवू लागले. पुढे बिंदूपाशी आले आणि शेवटची वर्षं राहायला दिल्लीत. दिल्लीचे रामकुमार १९६० साली हुसेनांबरोबर बनारसला गेले आणि त्यांनी घाटावरची घरं नाइफच्या फटकाऱ्यांत अशी बसवली की माणसं त्या चित्रांतून उठूनच गेली. शहर काढायचं आणि माणूस काढायचा नाही, ही सोय आम्हाला त्यांनी करून दिली. आम्ही ती केवळ माणसं जमत नाहीत म्हणून वापरतो, हा भाग निराळा.

पण माझे खरे दैवत गायतोंडे. नागपुरात जन्मलेला, गिरगावात वाढलेला, जे. जे.मधून १९४८ साली बाहेर पडलेला हा गोवेकर माणूस १९७२ च्या सुमारास दिल्लीला आला आणि निजामुद्दीन ईस्टमधल्या लहानशा भाड्याच्या जागेत राहिला. हातात रोलर आणि पॅलेट नाइफ. रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. वर्षाला चित्रं पाच-सहा. बाकीचा वेळ विचार. हुमायूनची कबर चालत जाण्याच्या अंतरावर, आणि या माणसाच्या चित्रांत घुमट नाही, मिनार नाही, रिक्षा नाही, छत्री तर नाहीच. दिल्लीत राहून दिल्लीकडे ढुंकून न बघण्याचं हे सामर्थ्य दिल्लीत बदलून आलेल्या प्रत्येक मराठी कारकुनाने हेवा करावा असं आहे. २००१ साली ते गेले. २०२१ मध्ये त्यांचं १९६१ सालचं एक चित्र लिलावात जवळजवळ ४० कोटींना गेलं. ही बातमी आमच्या सोसायटीत पसरल्यापासून मला बाल्कनीत नाइफ घेऊन बसलेला बघून लोक नमस्कार करू लागले आहेत. त्यांच्या नजरेत कलेबद्दल आदर नसतो, मालमत्तेबद्दल असतो.

तैलरंगाचं एक दुखणं म्हणजे तो वाळत नाही. पाणी उडून जातं तसं तेल उडून जात नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होतं. दिल्लीच्या हवेत प्राणवायू अजून आहे याचा हा एक घरबसल्या मिळणारा पुरावा. पण नाइफने थापलेला थर वरून सुकला तरी आतून महिनोन्महिने ओला असतो, आणि तोवर त्यावर हवेतलं जे काही बसायचं ते बसतं. मे महिन्यात राजस्थानकडून आंधी येते तेव्हा तर वाळूचा एक हात फुकट मिळतो. प्रदर्शनात चित्राखाली ‘कॅनव्हासवर तैलरंग’ अशी चिठ्ठी लावतात, ती अपुरी आहे. ‘कॅनव्हासवर तैलरंग आणि पीएम दहा’ असं प्रामाणिकपणे लिहायला हवं. दुसरं असं की चित्र वाळेपर्यंत समोरचं शहर थांबत नाही. तुम्ही मोकळं आकाश म्हणून जो पांढरा थापलेला असतो, त्या जागी वाळवण संपेस्तोवर सहा मजले आणि एक क्रेन आलेली असते.

तिसऱ्या मजल्यावरचे अंकलजी परवा असंच एक चित्र बघायला आले. दिल्लीत चित्र बघायची रीत अशी की आधी लांबून बघतात, मग जवळ येतात आणि बोट लावतात. बोट पांढरं झालं. ते त्यांनी माझ्याच चिंधीला पुसलं आणि विचारलं, ‘इसमें हमारा फ्लॅट कौन सा है?’ मी एका राखाडी फटकाऱ्याकडे बोट दाखवलं. ‘पार्किंग?’ मी त्याखालचा आणखी एक फटकारा दाखवला. ते खूश झाले.

‘बेचोगे?’

‘विचार नाही केला, अंकलजी.’

‘स्क्वेअर फूट का क्या रेट है?’

मी गप्प बसलेलो बघून त्यांनी खिशातून मोबाइल काढून गुणाकार सुरू केला. ‘दो बाय तीन, छह हुआ. ये कार्पेट एरिया है ना? फ्रेम लगा के सुपर एरिया कितना बनेगा?’

मी म्हटलं, ‘फ्रेमचे पैसे नका देऊ. पण चित्र आत्ता नेता येणार नाही, अजून ओलं आहे. वर्षभर तरी थांबावं लागेल.’

‘सिर्फ एक साल?’ अंकलजींनी माझ्याकडे पहिल्यांदाच संशयाने बघितलं. या भागात त्यांनी ज्या ज्या गोष्टीचे पैसे भरले होते त्यातली कुठलीच एका वर्षात हाती आलेली नव्हती. ते चित्रापासून दोन पावलं मागे सरले, डोळे बारीक केले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘रेरा में रजिस्टर्ड तो है ना?’